शुक्रवारचा पडदा

थिएटरच्या मालकांनी वन्संना तोंडावर सांगितलं होतं, "ताई, मागची दोन्ही नाटकं तुम्ही लांबवलीत. लोक दारापर्यंत येऊन परत गेले. हे नाटक जाहीर केलेल्या शुक्रवारी उभं राहिलं नाही, तर तुमचे शुक्रवार मी दुसऱ्या मंडळींना देणार."

वन्संची नाटकमंडळी त्याच रंगमंचावर लहानाची मोठी झाली. तो हातचा गेला तर वन्संकडे काय उरणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. शेवटी माझ्या यजमानांनी मला पुढे केलं. "जगाला सल्ले देतेस, माझ्या बहिणीला दे की एखादा!"

माझं काम सांगायला सोपं आहे. माल वेळेवर का निघत नाही, घोडं नेमकं कुठे पेंड खातं, ते शोधायचं. बुटांचा कारखाना, इस्पितळाचा धोबीखाना, बिस्किटांची भट्टी, असं बरंच पाहून झालं होतं. नाटक मात्र कधी पाहिलं तर तिकीट काढून.

"या, या," वन्संनी तालमीच्या हॉलच्या दारातच माझी ओळख करून दिली. "या आमच्या भावजय. बूट वेळेवर निघावेत म्हणून झटतात. आता आपल्या पायात घालायला आल्यात."

सगळे हसले, मीही हसले. राग आला नाही असं नाही. पण आवाज चढवायचा नाही हा माझा रोजचा नेम, आणि नणंदेपुढे तो पाळायचा नाही तर कुठे पाळायचा?

सुरुवातीला मी कोपऱ्यात खुर्ची टाकून नुसती बघत बसले. नाटक साधंच होतं. घर सोडून गेलेला बाप म्हातारपणी परत येतो आणि बायको त्याला घरात घेते की नाही, एवढीच गोष्ट. बापाचं काम करणाऱ्या बुजुर्ग नटाला सगळे 'सरकार' म्हणत. दिव्यांचं काम बघणारा किडकिडीत माणूस म्हणजे 'काजवा'. कपडे शिवणमावशींकडे, आणि भिंती, टेबलं, दारं सुतारकाकांकडे.

तालीम संपली की सगळे जमिनीवर गोल करून बसत. त्या गोलात कुणीही कशाबद्दलही बोलावं, अशी मंडळींची जुनी रीत. काजवा म्हणे, बायकोच्या झग्याच्या बाह्या आखूड हव्यात. शिवणमावशींना टेबल मध्ये येतंय असं वाटे. सरकारांना दिवा पिवळा हवा असे. वन्सं डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "करून बघू."

झालं! बाह्या उसवल्या जात, टेबल मागे जाई. दोन दिवसांनी कुणीतरी म्हणे, आधीचंच बरं होतं. वन्सं पुन्हा डोळे मिटून म्हणत, "करून बघू." मंडळी राबत होती बैलासारखी आणि फिरत होती घाण्याभोवती.

"वन्सं, गोल बंद करा," मी एका दुपारी सांगितलं.

"गोल? अगं, तो आमचा प्राण आहे."

"शुक्रवार गेला तर प्राण ठेवणार कुठे?"

गोल बंद झाला. मी भिंतीवर फळा लावला आणि ठरलेली गोष्ट त्यावर चढवू लागले. कामं सपासप होऊ लागली आणि मला माझंच कौतुक वाटू लागलं.

मग एका तालमीत बायकोचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आलं, तेव्हा तिचा चेहराच अंधारात. सरकार पाठ म्हटल्यासारखे बोलत होते. तालीम संपली, जो तो आपली पिशवी उचलू लागला.

"काजव्या, तुला दिसलं नाही?" वन्सं कडाडल्या.

"दिसलं की. कालही दिसलं. पण बोलायचं नाही ना आता."

वन्सं माझ्याकडे वळल्या. "बघ बाई. बूट निघाले वेळेवर, पण दोन्ही डाव्या पायाचे."

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना आटोपली तरी मी तशीच बसून राहिले. कारखान्यातसुद्धा माणसं बोलतातच, आणि बोलावंच. फक्त चामडं कापायच्या आधी. अडत होतं ते बोलण्यापाशी नाही, 'करून बघू'पाशी.

तशीच उठून हॉलवर गेले. "गोल परत सुरू करा. माझं चुकलं. पण कुणी काही सुचवलं की आधी विचारायचं, हे काम कुणाच्या हातात जाईल? त्या माणसाने सांगायचं, हे घेतलं तर हातातलं काय सुटेल. मग तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. करून बघू म्हणायचं नाही."

"म्हणजे या वयात मी नाही म्हणायला शिकायचं?"

"हो."

"माझ्या भावाचं कसं होत असेल गं!" म्हणाल्या, पण गोल बसला.

बुधवारी दुपारी सगळ्या कपड्यांनिशी, दिव्यांनिशी तालीम झाली. गोलात सरकार म्हणाले, "बापाच्या येण्याचं दार डाव्या भिंतीत नको, समोर हवं. मी समोरून आलो की सगळ्यांचा श्वास अडकेल."

ते खरं होतं. माझ्यासारखीलाही पटलं. वन्संनी डोळे मिटले.

"वन्सं," मी हळूच म्हटलं, "कुणाच्या हातात जाईल?"

"माझ्या," सुतारकाका म्हणाले. "भिंत कापावी लागेल. उद्याचा दिवस जाईल."

"म्हणजे माझे सगळे दिवे परत परवा सकाळपासून," काजवा म्हणाला.

"मग पडदा?" मी विचारलं.

"शनिवारी," काजवा म्हणाला.

वन्संनी डोळे उघडले. "तुला कळतंय का काय मागतेयस? त्या दारात जीव आहे नाटकाचा!"

"नाटकातलं नाही कळत मला. शुक्रवार कळतो."

मी नजर काढली नाही. त्याही काढेनात. मग ताडकन उठल्या, रंगमंचावर गेल्या आणि डाव्या दारातून आत आल्या. पुन्हा बाहेर गेल्या, पुन्हा आल्या. तिसऱ्या खेपेला आत आल्या त्या आमच्याकडे पाठ करून, दार लावत, कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. ती पाठ आत येऊ का म्हणून विचारत होती.

"सरकार, असं यायचं. बायको बोलेपर्यंत तोंड दाखवायचं नाही."

"मी? तोंड नाही दाखवायचं? अहो ताई, लोक माझ्या तोंडासाठी येतात! निदान एकदा करून तर—"

"नाही," वन्सं म्हणाल्या.

सुतारकाकांनी हातोडी पेटीत टाकली.

शुक्रवारी घंटा वेळेवर झाली, पडदा वर गेला. सरकार पाठ करून कडी धरून उभे राहिले तेव्हा पुढच्या रांगेतलं खोकणंही थांबलं. विंगेत वन्संनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

"तरी दार समोरच हवं होतं," त्या कुजबुजल्या.

"हवंच होतं. पुढच्या नाटकाची दारं सोमवारीच ठरवून टाकू, भिंत उभी राहायच्या आधी."

"गप गं," वन्सं म्हणाल्या. "नाटक बघू दे."