रादोयकोचे डोळे

वितोमिर एका मेलेल्या माणसावर जळायचा, आणि ते लपवण्याची अक्कल काही त्याला नव्हती. रादोयको त्याचा पलटणीतला जिवलग. महायुद्धात माघार घेताना अल्बानियाच्या डोंगरात तो गारठून मेला, तेव्हा त्याचे डोळे वितोमिरनेच मिटले आणि अंगावर बर्फ लोटला. पण स्तामेनाचं लग्न ठरलं होतं ते या रादोयकोशी. वितोमिर त्याच्या मरणाची बातमी घेऊन आला आणि पुढं तिचा नवरा झाला. आता मेलेल्याशी भांडायचं तरी कसं? तो म्हातारा होत नाही, घोरत नाही, पिऊन कुंपणात पडत नाही.

तरी रादोयकोच्या आठवणीचा दगड वितोमिरच उभारत होता. हाडं परमुलखात राहिलेल्या शिपायाचा दगड आमच्याकडे गावच्या रस्त्याला लावतात, आणि रादोयकोला त्याने तसा शब्द दिला होता. पाथरवट तानासियेने बंदूक, पदक, गणवेश सगळं कोरून आणलं होतं. रंग तेवढा राहिला होता. फोटो नव्हताच, म्हणून तो विचारत होता आणि स्तामेना सांगत होती.

"मिश्या भरदार करा हो. आणि त्यांना पीळ हवा."

"अजून पीळ दिलास तर बैल बांधता येतील," वितोमिर कुरकुरला.

"तुम्ही गप बसा! पोटात दुखतंय तुमच्या."

दुखतच होतं. वितोमिरच्या स्वतःच्या मिश्यांबद्दल ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती.

"डोळे कसे होते, वहिनी?"

"निळे," स्तामेना पटकन म्हणाली. "आणि डावी पापणी जराशी ओघळलेली."

वितोमिर चमकला. रादोयकोचे डोळे तपकिरी होते आणि पापण्या धडधाकट. निळे डोळे आणि ओघळलेली पापणी वितोमिरची स्वतःची होती. रोज समोर बसून जेवणाऱ्या नवऱ्याचा चेहरा तिच्या मनात रादोयकोच्या चेहऱ्यावर कधी चढला, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. वितोमिरला वाटलं, तानासियेला मिठी मारावी, घरातली सगळी राकिया आणून त्याला पाजावी. जिंकलो! फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

तानासियेने निळ्या रंगात कुंचला बुडवला, आणि वितोमिरला एकदम कसंतरी झालं. बिचाऱ्या रादोयकोला ना थडगं, ना फोटो, ना मागे कोणी रडणारं. एवढा एक दगड, आणि त्यातही डोळे दुसऱ्याचे?

"तपकिरी लाव," तो म्हणाला. "पापणीही सरळ कर."

स्तामेना लालबुंद झाली. "बघा, बघा! मेलेल्याचे निळे डोळेसुद्धा बघवत नाहीत या माणसाला!"

खरं सांगितलं असतं, तर रादोयको आपल्याला आठवतच नाही हे तिला कळलं असतं.

"नाही बघवत," वितोमिर म्हणाला. "जळतो मी त्याच्यावर. तपकिरी लाव, तानासिये."