व्याह्यांची भिंत

मारोतराव वायरमन म्हणजे तोंडाचे फटकळ. तुमसरच्या राईस मिलवाल्यांनाही, मोटारीची निगा ठेवत नाही म्हणून त्यांनी तोंडावर सुनावलेलं. पण करडीकडच्या शाळेच्या दुरुस्तीत बिचाऱ्यांची बोलतीच बंद झाली. कारण नळाचं काम श्रावणजींकडे होतं, आणि श्रावणजी म्हणजे दोन महिन्यांपूर्वी झालेले व्याही. लेक राखी त्यांच्याच घरी दिलेली. आता मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला चूक दाखवायची म्हणजे काय गंमत आहे?

कागदावर सगळं झकास होतं. जुनी वायरिंग उखडून नवी टाकायची, विज्ञानाच्या खोलीत पहिल्यांदाच बेसिन बसवायचं. फक्त नळाचा नकाशा एकानं काढला, विजेचा दुसऱ्यानं, आणि दोघांनाही नेमकी एकच भिंत आवडली. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहायची तसदी घेतो कोण!

पहिल्या दिवशी श्रावणजींनी बटणांच्या बोर्डाच्या जागेवरच भिंत खोदून पाइपासाठी झिरी मारली. असू द्या जी, म्हणत मारोतरावांनी बोर्ड हातभर सरकवला. दुसऱ्या दिवशी तिथं नळ आला, बोर्ड वर गेला. तिसऱ्या दिवशी आणखी एक पाइप आला, बोर्ड आणखी वर गेला. शेवटी मुख्याध्यापिका करुणा मॅडमनी मान वर करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, पंख्याचं बटण दाबायला शिडी शाळेनं घ्यायची का. मारोतराव नुसते हसले. पण त्यांना दिसत होतं, टाकीकडून येणाऱ्या पाइपाचा सांधा आता बरोब्बर बोर्डाच्या डोक्यावर होता. तो झिरपला की पाणी थेट बटणांत, आणि खाली ओल्या हातांची पोरं.

घरी चंद्रकांताबाईंनी नवऱ्याला बजावलं, तोंड आवरा; बोलाल तुम्ही आणि टोमणे खाईल माझी पोरगी. तेही खरंच होतं. मारोतरावांना घास गोड लागेना.

शाळा उघडायला दोन दिवस उरले. श्रावणजींनी टाकीचं पाणी सोडून पाहिलं. सांध्यावर एक थेंब जमला आणि टपकन बोर्डावर पडला. मेन बंद होता म्हणून बरं. मारोतरावांचा मात्र तोल गेला.

"हा पाइप चुकीच्या जागी हाय, श्रावणजी. काढा तो. नाही त मी लाईन चालू करत नाही. मंग माह्या पोरीले काय बोलाचं ते बोला."

श्रावणजींनी हातातला पाना खाली ठेवला. मग तिथल्याच सिमेंटच्या पोत्यावर बसले.

"पयल्याच दिवशी काहून नाही बोलले जी? मले वाटलं, बोर्ड तुमालेच वर पाहिजे. विचारलं असतं त तुमी म्हटलं असतं, पोराचा बाप हुकूम सोडून राहिला."

मग दोघांनी पहिल्यांदा दोन्ही नकाशे फरशीवर शेजारी पसरले आणि दुपारभर मनसोक्त भांडले. पाइप खालून गेला, वायर वरून, बोर्ड दारापाशी छातीच्या उंचीला आला. आरडाओरडा ऐकून करुणा मॅडम दोनदा धावत येऊन गेल्या.

श्रावणजी घरी गेले तसा मारोतरावांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. संध्याकाळी राखीचा फोन आला, तो त्यांनी कसाबसा उचलला.

"बाबा, मामाजीनं आल्या आल्या मले विचारलं, या घरात तुले काही खटकते का म्हणून. दोन महिन्यांत पयल्यांदा."

मग तू सासऱ्यांना काय म्हणालीस, मारोतरावांनी घाबरतच विचारलं.

"सांगून राहिली ना. आत्ताशी चवथी गोष्ट चालू हाय. ठेवा फोन."