तोंड कुणी बघितलंच नाही

धाकट्या जावेला घरात सगळे 'रेडिओ' म्हणत. सकाळी डोळे उघडले की सुरू, ते अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. थोरली जाऊ प्रसूतिगृहात सिस्टर होती. दिवसभर बायकांचं कण्हणं ऐकून घरी यायची आणि म्हणायची, "अगं बाई, जरा बंद कर ना स्वतःला!" आणि चहाचा कप घेऊन तिच्याच शेजारी बसायची. जावाजावांचं विळ्याभोपळ्याचं नातं असतं म्हणतात, इथं तसलं काही नव्हतं. थोरलीला मूल झालं नव्हतं. रेडिओला दिवस गेले तेव्हा तिनं जाहीरच करून टाकलं, "हे पोर आमचं दोघींचं. तपासणी माझ्या हातची होणार."

आणि केली की! वजन केलं, ब्लडप्रेशर घेतलं, टेपनं पोट मोजलं, पावलावर बोट दाबून सूज बघितली, पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का ते बघितलं. ताप बघायचा तर थर्मामीटर काखेत. प्रसूतिगृहात जे जे करत आली ते सगळं तिनं दुप्पट मायेनं केलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईही तेवढंच बघत. बाईला तोंड उघडायला सांगायची तिथं रीतच नव्हती.

"ताई, ब्रश केला की रक्त येतं गं," रेडिओ एकदा म्हणाली.

"दिवस गेले की हिरड्या हुळहुळ्या होतातच. राहू दे ब्रश, नुसत्या चुळा भर."

सासूबाईंनी री ओढली, "एका बाळामागे एक दात जायचाच. माझे तीन गेले, काय बिघडलं?" सगळे हसले. रेडिओही हसली, गालावर हात ठेवून.

आता सांगा, रक्त येतं म्हणून कुणी जखम धुवायची सोडतं का? पण घरात नर्स असल्यावर दुसऱ्याला विचारायला कोण जातंय!

पुढं दाढ ठणकायला लागली. नवऱ्यानं दातांच्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरनं खुर्चीवरसुद्धा बसवलं नाही. "पोटुशी बाईला मी हात लावत नाही बुवा. बाळंतपणानंतर या, नाहीतर तुमच्या डॉक्टरांची परवानगी आणा." परवानगी मागायला गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाताचं आता कुठं काढताय? होऊ दे मोकळी, मग बघू." थोरली शेजारीच उभी होती. तिनंही मान डोलावली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

रेडिओचा आवाज दिवसेंदिवस उतरत गेला. आधी एका बाजूनं चावायची, मग नुसतं पातळ प्यायला लागली. वेदनेची गोळीही घेईना, बाळाला बाधेल म्हणून. थोरली रोज तिचं पोट तपासायची आणि म्हणायची, "बाळ मजेत आहे बघ. थोडंच राहिलंय, सोस."

मग एका सकाळी रेडिओ उठून बसली ती ओळखू येईना. जबड्याखाली दगडासारखी सूज, अंग तव्यासारखं तापलेलं. थुंकी गिळता येत नव्हती, ती ओठांतून गळत होती. थोरलीनं तिला तशीच गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथला जबड्याचा डॉक्टर आला. म्हणाला, "तोंड उघडा."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला तोंड उघडायला सांगत होतं, आणि ते उघडत नव्हतं. दातांच्या फटीत बोटसुद्धा जाईना. थोरली तिच्या हनुवटीला हात लावून विनवण्या करायला लागली, "उघड गं राणी. एवढंसं उघड. माझ्यासाठी उघड." रेडिओच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

"इतके दिवस काय केलंत?" डॉक्टर म्हणाला. "दात साफ करता येतात पोटुशी असताना. गरज पडली तर दाढही काढता येते. बाळाला त्यानं धोका नसतो, धोका हा असा पू अंगात ठेवल्यानं असतो."

"मी नर्स आहे," थोरली म्हणाली. का म्हणाली तिचं तिलाच कळलं नाही.

त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि हातमोजे चढवायला लागला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं मेल्यानं!

जबड्याखाली चीर देऊन पू काढला, श्वासासाठी गळ्यात नळी बसवली. बाहेर थोरली भिंतीला डोकं टेकून देवाला म्हणत होती, मला ने, हिला सोड, पोराला सोड. संध्याकाळी तापातच कळा सुरू झाल्या. बाळ बाहेर आलं ते रडलं नाही. मुलगी होती. थोरलीनं हजारो पोरं पुसून आईच्या कुशीत दिली होती, तशीच हीसुद्धा स्वच्छ पुसली, दुपट्यात गुंडाळली, आणि आई शुद्धीवर नव्हती म्हणून स्वतःच धरून बसली.

रेडिओ वाचली. ती शुद्धीवर यायला लागली तसा तिचा नवरा डोळे पुसत थोरलीला म्हणाला, "वहिनी, तुम्हीच सांगा तिला. तुमच्यावरच तिचा विश्वास आहे."

रेडिओनं डोळे उघडले. नळीमुळे बोलता येत नव्हतं. तिचा हात चाचपडत पोटावर गेला, तिथंच थांबला. मग तिनं थोरलीकडे बघितलं, तपासणीनंतर रोज बघायची तसं, बाळ कसं आहे ते ऐकायला.

सांगायचं तर होतंच. थोरलीनं तिचा हात हातात घेतला. आता थोरलीचंच तोंड उघडेना.