स्पंजाचं वजन

शुक्रवारी अकराला तिचं काम बघायला समिती येणार होती आणि गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेत तिच्या लक्षात आलं, की नवा नमुना करायला लागणारा निकेलचा कोरा स्पंज संपला आहे.

स्पंज म्हणजे बोटाच्या पेराएवढा, भोकाभोकांचा धातूचा तुकडा. तो क्षारांच्या पाण्यात बुडवून, स्टीलच्या डब्यात घट्ट बंद करून भट्टीत ठेवला, की त्याच्यावर निकेल-कोबाल्टच्या हायड्रॉक्साइडचा हिरवट थर चढतो. थर कसला, कांद्याचे पापुद्रेच. पापुद्र्यांमधल्या फटींत विजेचा भार वाहणारे कण झटकन शिरतात, झटकन निघतात. अशा थरांचा सुपरकॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबा, क्षणात भरतो तो त्यामुळे. तिच्या थरात ग्रॅमला अडीच हजार फॅरड, विजेच्या साठवणीची मापं, मावत होते, इतरांच्या जेमतेम हजार. त्या आकड्यावर तिची नोकरी पक्की व्हायची होती. नाहीतर महिनाअखेरीस कंत्राट संपणार आणि ही खोली दुसऱ्या विभागाला जाणार.

"जुनाच एखादा धुऊन घे," वजनकाका म्हणाले. तीस वर्षं ते तराजूशेजारच्या खुर्चीत बसत होते. नव्या माणसाला वजन करायला तेच शिकवत आणि वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहून देत: आधी वजन, थर चढवा, पुन्हा वजन, वजाबाकी. शिंक आली तर दाराबाहेर जाऊन शिंका, ही सूचना तोंडी.

तिने एक जुना तुकडा ध्वनिलहरींनी पाणी थरथरवणाऱ्या भांड्यात टाकला. थर चिखलासारखा सुटला. तुकडा वाळवून तिने तराजूत ठेवला. तुकड्याच्या पाकिटावर काकांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: कोरा तीस मिलिग्रॅम, थरासकट तीस पूर्णांक आठ. आता पुन्हा तीस भरायला हवा होता. आकडा अठ्ठावीस पूर्णांक आठवर थांबला.

"पाणी राहिलं असेल," काका म्हणाले.

"पाण्याने वजन वाढतं, काका."

"हो की. म्हातारा झालो."

"हलवताना तुटला असेल," ती म्हणाली.

कापताना उरलेला कोऱ्या स्पंजाचा एक कोपरा खणात सापडला. तोही त्याच भांड्यात तेवढाच वेळ हलवला. वजन तसूभरही कमी झालं नाही. मग तिने आणखी तीन जुने तुकडे सोलले. तिन्ही हलके.

काकांनी चष्मा काढला. "कोट किती जड, हे बघायला माणसाला आधी नुसतं तोललं, मग कोट घालून. पण मधल्या वेळात आतला माणूसच वाळला. असंच ना?"

"असंच. भट्टीतल्या पाण्याने स्पंज खाल्ला." तिने कागदावर आकडे मांडले. थर शून्य पूर्णांक आठ मिलिग्रॅमचा नव्हता, दोनचा होता. साठलेली वीज तेवढीच, वजन अडीचपट; अडीच हजारांचे एक हजार झाले.

फोन वाजला. आई होती.

"उद्या किती वाजता गं?"

"अकरा."

"बाबांनी सगळ्या जिन्याला सांगून टाकलंय. वरच्या काकू तर म्हणे, आता पोरगी जमिनीवर चालायची नाही."

"एवढ्यात कशाला सांगितलं, आई?"

"अगं, झाल्यातच जमा आहे. कमी बोलतेस. जेवलीस का?"

"जेवले." ती जेवली नव्हती.

फोन ठेवल्यावर काका हळूच म्हणाले, "उद्या तुकडा सोलून कोण बघणार आहे?"

"मी बघितला ना."

ते बराच वेळ तराजूची काच पुसत राहिले. "ती ओळ माझी आहे. कित्येक पोरांना दिली."

"तराजू बरोबरच होता, काका."

"तराजूचं कोण म्हणतंय."

शुक्रवारी समितीने नव्या आकड्यांची तिची वही दहा मिनिटं पाहिली. अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. "प्रामाणिक काम आहे," त्या म्हणाल्या. "पण हजार तर सगळ्यांकडेच आहेत. यावर जागा मागता येणार नाही आम्हाला."

ती खोलीत परतली तेव्हा काकांसमोर नवी कोरी वही होती. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं होतं: आधी वजन, थर चढवा, पुन्हा वजन, थर सोला, पुन्हा वजन, मग वजाबाकी.

"कुणासाठी?" तिने विचारलं.

काकांनी पानावरची शाई वाळल्याची खात्री केली, वही मिटली आणि भिंतीतली बटणं एकेक करून बंद केली. तराजूचं त्यांनी सगळ्यात शेवटी केलं.