मागचं चाक

त्या सप्टेंबरात मागच्या चाकातली हवा चौथ्यांदा गेली, तेव्हा माझ्या तोंडून शिवीसुद्धा आली नाही. दुपारचे दोन वाजत आले होते, सकाळपासून सतरा किलोमीटर झाले होते आणि अजून पाच उरले होते. सायकल वेंडेलकाकांच्या अंगणात भिंतीला टेकलेली, हँडलला रिकामे डबे लटकलेले, टायर पार जमिनीवर पसरलेला. शेजारी काका उभे. त्यांनी तळहात पुढे केला, त्यावर एक काटा.

"राजाचं कलिंगड," ते म्हणाले. "बघ, केवढं आहे!"

सराट्याला आमच्याकडे राजाचं कलिंगड म्हणतात. कुठल्या राजाच्या ताटात हे वाढलं होतं देव जाणे. आमच्या सारकूत गावच्या वाळूत दुसरं काही धड येत नाही, हे मात्र न पेरता येतं, आणि उन्हाळा सरता सरता सगळ्या पायवाटांवर त्याचे काटे पसरलेले असतात. त्यामुळे इथे जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी न शिकवता कळते. काटा टायरमध्ये घुसला तर तो रस्त्यात उपटायचा नाही. भोक त्यानंच बुजलेलं असतं. तसंच दामटत घरी जायचं, पाण्याची बादली जवळ घ्यायची आणि मगच काट्याला हात लावायचा.

"उपटलात कशाला, काका? तसाच ठेवला असता तर गावापर्यंत गेले असते की मी!"

"दिसला, हात गेला," ते म्हणाले. "बस तू. आत्ता पंक्चर काढून देतो. कॉफी टाक तोवर."

मी कॉफी टाकली. दुसरं करणार काय? पाच किलोमीटर सायकल ढकलत नेण्याची ताकद माझ्यात नव्हती. त्यांनी चाक खोललं, ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडे शोधले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. चमचा तोंडापर्यंत नेताना अर्धं सूप सांडतो, पण पॅचला सोल्यूशन लावताना बोट हलत नव्हतं. सहकारी शेती होती त्या काळात तिथल्या सगळ्या सायकली यांच्याच हाताखालून जायच्या. ते आणखी काय काय सांगत बसले. मी पायातले बूट काढून ऐकत होते, निदान ऐकल्यासारखं करत होते.

माझं काम म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं करणं. सकाळी गावच्या स्वयंपाकघरातून डबे उचलायचे आणि शेतातल्या वस्त्यांवर पोचवायचे. गोळ्या द्यायच्या, रक्तदाब बघायचा, केर काढायचा, ज्याला आंघोळ घालायची त्याला घालायची. दुपारनंतर गावातली घरं. प्रत्येक घराला चाळीस मिनिटं. मी स्वतः अठ्ठावन्न वर्षांची आहे. काही वर्षांनी माझ्याच घरी कुणीतरी डबा घेऊन येणार, हा विचार मला चढावर हटकून येतो. वेंडेलकाकांची वस्ती सगळ्यात शेवटची, अकाशियाच्या झाडांपलीकडे, तीन किलोमीटर नुसती वाळू. त्यांच्या घोट्यावर एक न भरणारी जखम आहे, ती मी धुते आणि बांधते. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही.

त्या शुक्रवारी ऑफिसात ओर्शोयानं मला बसवून घेतलं. ओर्शोया आमची साहेब. तिला मी फ्रॉकात असताना पाहिलंय, त्यामुळे साहेब असूनही ती मला मावशी म्हणते आणि मी तिला अगं म्हणते.

"एटेलकामावशी, महिन्यात चार वेळा उशीर. वेंडेलकाकांकडूनच. काल गावातल्या त्या अंथरुणाला खिळलेल्या बाई चारपर्यंत ओल्या चादरीवर पडून होत्या. मुलगी फोनवर रडत होती माझ्याकडे."

"टायर गं. तुला ठाऊक आहे ती वाट."

"तेच तर. वाट तशी असेल तर मला तसं लिहावं लागेल. जिथे आपलं माणूस वेळेवर पोचू शकत नाही, ते घर यादीतून निघतं. आणि एकदा निघालं, की त्यांना वृद्धाश्रमात न्यायचं, दुसरा उपाय नाही."

काकांना मी वृद्धाश्रमात पाहिलं होतं. पायाच्या ऑपरेशननंतर अकरा दिवस होते तिथे. खाणं सोडलं, बोलणं सोडलं. परत आणताना गाडीत एकच वाक्य बोलले, "तिथे मला कुणी काही दुरुस्त करायला दिलं नाही." पुन्हा नेलं तर हा माणूस हिवाळा काढणार नाही, याची मला खात्री होती.

"दोन आठवडे दे," मी ओर्शोयाला म्हटलं.

शनिवारी तालुक्याला काल्मानच्या दुकानात गेले. काल्मान माझ्या वर्गातला. सायकली विकतो, दुरुस्त करतो आणि तोंडानं अखंड चालू असतो. त्यानं भिंतीवरून एक टायर उतरवला.

"ह्याच्या पोटात रबराचा पट्टा आहे, हे बघ, बोटभर जाड. तुझ्या राजाच्या कलिंगडाचा काटा आत शिरेल, शिरेल आणि दमून झोपेल. पाच वर्षं बघायला नको. टायरच्या आधी तू रिटायर होशील!"

लेकीनं वाढदिवसाला पैसे पाठवले होते, चांगला कोट घे म्हणून. कोटाचा टायर झाला. टायर जड होता, वाळूत सायकल ओढताना मांड्या भरून यायच्या, पण हवा राहिली. पहिल्या दिवशी काकांनी टायरवरची अक्षरं चष्मा लावून वाचली. "चांगला आहे," म्हणाले. बास. त्यानंतरचे आठ दिवस मी चाळीस मिनिटांत काम उरकलं आणि निघाले. काका फाटकाशी उभे राहायचे. मी मागे वळून पाहत नव्हते, माझ्याकडे वेळ नव्हता.

दहाव्या दिवशी पट्टी बांधून, भांडी विसळून बाहेर आले तर मागचं चाक बसलेलं. काकांच्या तळहातावर काटा.

"कमाल आहे!" ते म्हणाले. "ह्यातूनही गेला." मग नेहमीसारखा पॅच, नेहमीसारखी कॉफी.

संध्याकाळी काम संपल्यावर मी तशीच काल्मानकडे गेले आणि सायकल त्याच्या दारात आदळली. "पाच वर्षं काय? दहा दिवस, काल्मान! दहा! तोंडाच्या वाफेनंच टायर फुगवतोस वाटतं तू!"

तो चिडला. टायर उतरवून दिव्याखाली धरला, आतून बोट फिरवलं, बाहेरून फिरवलं. मग त्याचं बोट एका जागी थांबलं.

"एटेल, इकडे ये. भोक कुठे आहे बघ."

भोक टायरच्या बाजूला होतं, रिमजवळ. बारीक, गोल, स्वच्छ.

"सराटा जमिनीवर असतो बाई. तो उडी मारून बाजूला चावत नाही. हे चांभाराच्या आरीनं टोचलंय. आणि ज्यानं टोचलंय त्याला जाड टायर कुठे पातळ असतो ते पक्कं माहीत आहे." मग त्यानं ट्यूब ताणून पाहिली. "आणि हा पॅच कुणी लावलाय? कडा बघ! माझ्या दुकानात असा लागत नाही. कोण आहे हा माणूस? मला कामाला पाहिजे."

मी हसले. मग मला इतका राग आला की दुकानातल्या स्टुलावर बसावं लागलं. माझे गुडघे, माझा कोट, ओल्या चादरीवर पडलेली ती बाई. आणि हा म्हातारा मला कॉफी टाकायला सांगून स्वतःच पाडलेलं भोक बुजवत होता! सायकली दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला माणूस दिसला म्हणून काटा उपटेल का? पाच वर्षांच्या पोरालाही ते कळतं. मला कळायला हवं होतं. दमलेल्या माणसाचं डोकं पायात असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची पट्टी बांधता बांधता मी म्हटलं, "काल्मान म्हणतो, पॅच फार सुंदर लागलाय."

"कडा नीट घासल्या की लागतो," ते म्हणाले. मग त्यांना कळलं.

"माझी किती मिनिटं देतात तुला?" त्यांनी विचारलं.

"चाळीस."

"पॅचला पंचवीस लागतात," ते म्हणाले. "दहातही होतो तसा. मी हळू लावतो."

मी भांडायचं ठरवून आले होते. ते राहिलंच. फक्त यादीचं सांगितलं, उशिरामुळे घर निघतं ते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला थांबवण्याच्या नादात ते स्वतःचंच घर घालवत होते.

"पोरी, मी आता हात लावणार नाही. आईशपथ नाही लावणार."

"आता उपयोग नाही, काका. मागून घेतलेले दोन आठवडे संपले, सोमवारी कागद होणार."

सोमवारी ओर्शोयापुढे कागद होताच. उशिराचं कारण, आणि खाली रिकामी जागा. वाट लिहिली तर घर जाणार. खरं लिहिलं तर म्हातारा आरी घेऊन फिरतो, भ्रमिष्ट झालाय, माणसांना धोका आहे, म्हणून आणखी लवकर जाणार. मी दोन दिवस हेच घोळवत होते आणि तिसरं काही सापडलं नव्हतं. एकच सोडून.

"टायरचं खोटं सांगितलं मी," मी म्हटलं. "माझेच पाय चालत नाहीत आता. त्या वस्तीवर पोचले की बसते. डोळा लागतो माझा. म्हातारा बिचारा उठवत नाही."

ओर्शोयानं चष्मा काढला. "मावशी, हे लिहिलं तर गावाबाहेरचा फेरा तुम्हाला देता येणार नाही. पुन्हा कधीच."

"लिही."

तिनं लिहिलं. बाहेरच्या वस्त्या बोगीला गेल्या. बोगी सव्वीस वर्षांची, स्वतःची गाडी आहे, वाळूतूनही नेते. पोरगी चांगली आहे, काम चोख, आणि कुठल्याही घरात वीस मिनिटांच्या वर थांबत नाही. मला गावातली घरं मिळाली, सगळी डांबरी रस्त्यावर. खरं सांगते, ऑफिसातून बाहेर पडताना मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज वाटली, तरी वाटलंच.

शुक्रवारी शेवटचा डबा घेऊन काकांकडे गेले. त्यांनी टेबल पुसून ठेवलं होतं, जर्दाळूच्या कडक दारूचे, पालिंकाचे, दोन छोटे पेले मांडले होते.

"घर राहिलं तुमचं," मी सांगितलं. "यादीत आहात. कुणी कुठे नेत नाही."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग म्हणाले, "आणि तू?"

"मी गावात. सोमवारपासून बोगी येईल, गाडीनं. गुणी पोरगी आहे. तिच्या टायरला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पेला उचलला आणि न पिताच परत खाली ठेवला.

"मोटारीचा टायर मला येतच नाही गं, पोरी," ते म्हणाले.