कुठं चुकले ते सांगा

घरी तिला सगळे घुमी म्हणत. हे नाव तिच्या दादाने ठेवले आणि ते खरेच असल्यामुळे चिकटले. काही विचारले की ती आधी गप्प व्हायची, मग उत्तर द्यायची. तोवर विचारणारा दुसऱ्याच विषयावर गेलेला असायचा. घरात हे चालून जाई. मुलाखतीत चालत नसे. रसायनशास्त्राची पदवी चांगल्या गुणांनी मिळाली होती, पण प्रत्येक मुलाखतीतून ती ‘कळवतो’ हे एकच उत्तर घेऊन परत येई, आणि पुढे कोणीही काही कळवत नसे.

अशात मामांचा निरोप आला. दुकानाच्या गल्ल्यावर विश्वासाचे माणूस हवे आहे, पोरीला पाठवा. मामा प्रेमाने बोलले होते, म्हणूनच नाही म्हणणे जड जात होते. आईने मधला मार्ग काढला: महिनाअखेरपर्यंत तुझे तू बघ, नाहीतर मामाचे ऐक. मामांचे दुकान वाईट नव्हते. पण तिथे बसले की आपण पुन्हा प्रयोगशाळेत पाऊल टाकणार नाही, हे घुमीला पक्के ठाऊक होते.

प्रयोगशाळेचा पांढरा कोट परत करायचा राहिला होता, म्हणून ती विद्यापीठात गेली. परतताना सायकली लावतात त्या बोळातल्या खोलीपुढे थांबली. दारावर ‘करिअर कक्ष’ अशी पाटी होती. शिकत असताना ती या दारावरून रोज जायची, पण ही जागा चुरुचुरु बोलणाऱ्यांसाठी असणार असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. आता तर पदवीही झाली होती. आत टेबलाशी बसलेल्या बाईंना तिने दारातूनच विचारले, की शिक्षण संपलेल्यांना इथे यायला चालते का.

“संपल्यावरच तर खरी गरज पडते,” मॅडम म्हणाल्या. “पुढचं वर्षभर दार उघडंच आहे. ये, बस.”

मॅडमनी तिचा बायोडेटा वाचला आणि बाजूला ठेवला. त्यात लिहिलेले तिच्या वर्गातल्या कोणालाही लागू पडले असते. मग त्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाबद्दल विचारले. घुमी गप्प झाली. मॅडमनी घाई केली नाही. त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत घुमी बोलू लागली होती. विद्यापीठातली जुनी लाकडी बाके दुरुस्त करताना नव्या फळ्यांचा रंग जुन्यांशी जुळेना, तेव्हा तिने आणि तिच्या मैत्रिणीने रंगद्रव्ये मिसळून तो जुळवला होता. मैत्रीण कंटाळली, ही कंटाळली नाही. हे तिने बायोडेटात का लिहिले नाही, असे मॅडमनी विचारले, तर ती म्हणाली, की बाकांचे काय लिहायचे.

नव्या बायोडेटात तेच सगळ्यात वर आले. रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मॅडमची जुनी विद्यार्थिनी होती. तिथल्या प्रयोगशाळेत नवी जागा निघाल्याचे तिच्याकडून कळले. अर्ज गेला, मुलाखतीचे बोलावणे आले, आणि मॅडमनी सरावाला सुरुवात केली.

सराव मागच्या खोलीत होई. तिला खिडकी नव्हती, एक ट्यूबलाइट तेवढी होती. मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसायला विद्यापीठाचे निवृत्त ग्रंथपाल येत. त्यांना कडक साहेब व्हायचे असे आणि ते काही केल्या जमत नसे. “तुम्हाला आम्ही का घ्यावं?” असे दरडावून विचारायचे आणि लगेच म्हणायचे, “सावकाश सांग हं, बाळ.” मॅडम डोक्याला हात लावत. घुमीला मात्र त्यांच्यापुढे बोलता येऊ लागले.

तिच्या गप्प बसण्यावर मॅडमनी घाव घातला नाही. झटपट बोल, हे तिला आजवर सगळ्यांनी सांगून झाले होते, आणि झटपट बोलायला गेली की ती पाठ केलेले बोलायची. मॅडमचे म्हणणे वेगळे होते. “गप्प बस, पण सांगून बस. जरा विचार करते, म्हणायचं आणि खुशाल विचार करायचा. समोरच्याला कळू दे की आत काम चालू आहे.”

त्या खोलीचा आणखी एक नियम होता. मुलाखत संपली की उमेदवाराने उठून जायचे नाही. समोरच्याकडे बघून स्वतःच्या तोंडाने विचारायचे, “आता कुठं चुकले ते सांगा.” चुका आपण मागून घेतल्या की झोंबत नाहीत, असे मॅडम सांगत. पहिल्यांदा घुमीने हे दाराकडे बघूनच विचारले. पुढे पुढे ते नमस्कार केल्यासारखे आपोआप तोंडी येऊ लागले.

मुलाखतीला ती ताठ मानेने गेली. समोर दोघे होते: नोकरभरती बघणारे एक हसरे गृहस्थ आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख, करड्या केसांच्या बाई. बोटांवर रंगाचे न निघणारे डाग. बाकांची हकीकत घुमीने नीट सांगितली. अवघड प्रश्नाला ‘जरा विचार करते’ म्हणाली आणि खरोखरच विचार केला. मग प्रमुखबाईंनी फिकट राखाडी रंगाच्या दोन पत्र्याच्या पट्ट्या पुढे सरकवल्या आणि रंग जुळतो का विचारले. घुमीने पट्ट्या एकमेकींना भिडवल्या, तिरक्या धरल्या, कडा पाहिल्या. जुळतो, म्हणाली.

गृहस्थांनी आभार मानले. मुलाखत संपली. आणि घुमी उठली नाही. दोघांकडे बघून, सवयीने, स्वच्छ आवाजात म्हणाली,

“आता कुठं चुकले ते सांगा.”

गृहस्थांचे पेन हातातच राहिले. आपण कुठे बसलो आहोत हे घुमीच्या ध्यानात आले. जीभ चावून काय उपयोग. शब्द गेले होते.

“हे आम्हाला आजवर कोणी विचारलं नाही,” गृहस्थ हसत म्हणाले. प्रमुखबाई हसल्या नाहीत.

“विचारलंच आहेस तर सांगते,” त्या म्हणाल्या. “रंग जुळतो म्हणालीस. कुठल्या उजेडात?”

घुमीने वर पाहिले. ट्यूबलाइट. पाठीमागे मोठी खिडकी होती, आणि आल्यापासून घुमी त्या खिडकीकडे पाठ करून बसली होती. तिने पट्ट्या पुन्हा मागितल्या. खिडकीशी नेल्या. बाहेरच्या उजेडात एक पट्टी राखाडीच राहिली, दुसरी मात्र हिरवट झाली.

“जुळत नाही,” ती म्हणाली. “जरा विचार करते.”

कोणी घाई केली नाही. मग ती म्हणाली, की दोन्हींतली रंगद्रव्ये वेगळी असणार, म्हणून एका उजेडात सारखी दिसतात आणि दुसऱ्यात वेगळी. आणि मग तिनेच विचारले, हा रंग घराच्या आत लागणार की बाहेर? आत लागणार असेल तर दिव्याखाली, बाहेर लागणार असेल तर उन्हात जुळवायला हवा. बाकांच्या वेळी ते आपोआप झाले होते, कारण ती बाके आवारात उघड्यावरच पडलेली होती.

प्रमुखबाईंनी पट्ट्या परत घेतल्या आणि ‘कळवतो’ म्हणाल्या.

तो शब्द घुमीच्या ओळखीचा होता. ती थेट करिअर कक्षात गेली आणि सगळे सांगितले. ग्रंथपालांचा चेहरा पडला. आपल्याच सरावाने पोरीचे नुकसान झाले असे त्यांनी धरून टाकले. त्यांची समजूत घालायची वेळ घुमीवरच आली. मॅडमनी मात्र एवढेच विचारले, की खिडकीशी जायला कोणी सांगितले होते का.

“नाही. मीच गेले.”

“मग झालं तर.”

फोन दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी आला. प्रमुखबाई स्वतः बोलत होत्या. पहिल्यांदा जुळतो म्हणणारे पुष्कळ येतात, त्या म्हणाल्या. चूक विचारून उठून ती दुरुस्त करणारे माणूस मला हवे आहे. सोमवारपासून ये. सगळे घर तिच्या तोंडाकडे बघत होते.

“जरा विचार करते,” ती म्हणाली, आणि मग घाईने, “नाही, नाही. येते.”

दादाने कपाळावर हात मारला. “नोकरी देतायत आणि ही विचार करते! घुमे, मामांना काय सांगायचं?”

“मी सांगते,” ती म्हणाली, आणि खरेच तिने स्वतः फोन लावला. मामा थोडे हिरमुसले, मग दुकानाची पाटी पुन्हा रंगवायची आहे, रंग तूच ठरव म्हणाले. तिने विचारले, पाटीवर ऊन किती वाजता येते?

करिअर कक्षातही तेवढ्यात एक बदल झाला. मॅडम आणि ग्रंथपालांनी मागच्या खोलीतले टेबल दोन्हीकडून धरून, दारात अडकवत, सोडवत, पुढच्या खोलीतल्या खिडकीशी आणून ठेवले. पुढच्या उमेदवाराला ग्रंथपालांनी खूप दरडावून पहिला प्रश्न विचारला. मग म्हणाले, “सावकाश सांग हं, बाळ.”