टकळीचा पुरावा

"वकीलबाई, तुम्ही केस हरता का हो कधी?"

विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मग मागे हटेल ती टकळी कसली! हे नाव घरचंच, कारण तिचं तोंड झोपेतसुद्धा चालू असायचं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत फुकट सल्ल्यासाठी अंग चोरून बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मागे दोघी मैत्रिणी दप्तरात तोंड खुपसून खिदळत होत्या.

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "परवाच हरले. नवऱ्याशी, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून. कोर्टातही हरते गं, म्हणून तर भक्कम पुरावा मागते. बोल, तुझं काय?"

टकळीचं असं होतं. आईबाबा तिला या देशात घेऊन आले तेव्हा ती आईच्या कडेवर अंगठा चोखत होती. राहायचा परवाना तिघांकडेही नव्हता. आता लहानपणी आणलेल्या मुलांना इथे राहायची, शिकायची परवानगी मिळू शकत होती. अट एकच: आल्यापासून दरवर्षी आपण इथेच होतो हे दाखवायचं.

"हात्तिच्या! एवढंच?" म्हणत टकळी घरी आली, आणि तिथेच घोडं अडलं.

बाबा लाँड्रीत इस्त्री करायचे. कपड्यावर सुरकुती ठेवायची नाही आणि जगात आपली खूण ठेवायची नाही, हा त्यांचा बाणा. दारावर नाव नाही. वर्गाचा फोटो असला की टकळीला हमखास 'ताप'.

"आपण इथे आहोत याचा कुणाला पत्ता नाही!" बाबा अजूनही छाती काढून म्हणाले.

"कमाल केलीत," पँटला टीप घालता घालता आई म्हणाली. "आता लेक इथेच वाढली म्हणून सांगायला भिंतींना बोलवा."

टकळी रात्रभर तळमळली नाही; ती तिची सवयच नव्हती. सकाळी मैत्रिणींना घेऊन ती शाळेच्या ऑफिसात धडकली.

"तुझे कागद?" कारकूनबाईंनी कपाटातून गलेलठ्ठ फाईल काढली. "तुला कोण विसरेल, बाई?"

इयत्ता पहिली: तास चालू असताना अखंड बडबड. दुसरी: बाकाखाली कुत्र्याचं पिल्लू. तिसरी: मुख्याध्यापिकांची नक्कल, खुद्द त्यांच्याच समोर. एकही वर्ष सुनं गेलं नव्हतं, आणि प्रत्येक तक्रारीवर तारीख, सही, शिक्का! शाळेच्या आधीची वर्षं दवाखान्याने भरून काढली. नाकात मणी, कानात वाटाणा, मग पुन्हा नाकात मणी.

"अगं, तू गुणी असतीस तर आज मेली असतीस!" मैत्रीण म्हणाली.

वकीलबाई तर फाईल वाचताना हसून हसून डोळे पुसायला लागल्या. मग चष्मा नाकावर आला, आणि हसू गेलं.

"पुरावा चोख आहे. पण अर्जावर घरचा पत्ता लागतो, आणि तो सरकारकडे जातो. आईबाबांना त्याचा त्रास होणार नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. खोटा धीर देणं मला जमत नाही."

त्या दिवशी घरी जाताना टकळी गप्प होती. मैत्रिणींनी दोनदा विचारलं, घसा बसलाय का.

जेवताना तिने सगळं सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"माझ्या दोस्ताचा पत्ता घाल," ते म्हणाले. "तो नाही म्हणणार नाही."

"आणि ते खोटं निघालं तर?" आई म्हणाली. "पोरीचं खरंही खोटं ठरेल."

"मग काय करू? उघड्यावर येऊन उभा राहू?" बाबांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला, शेजारी ऐकतील म्हणून.

टकळीने हात धुतले, पुसले, आणि दोघांच्या मधोमध येऊन बसली.

"बाबा, ऐका. अर्ज मी करणार. पत्ता आपलाच घालणार. पण शनिवारी आधी तुम्ही दोघं माझ्याबरोबर वकीलबाईंकडे यायचं. तुमचं काय होऊ शकतं, काय करता येईल, ते तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकायचं. ते ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही. पण करणार, हे नक्की. आणि तुम्हाला सांगून करणार, लपून नाही."